टेंभुर्णीवरचं रिक्त पद

एका जंगलात एक टेंभुर्णीचं झाड होतं. कोणत्या जंगलात, असं विचारायचं नाही. मागे एकाने विचारलं, मी भोळेपणाने नाव सांगितलं, तर त्याच्या मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तेव्हा एका जंगलात, एवढं पुरे. मांडी घालून बसा. चिंगे, शेंगदाणे नंतर खा.

तर या टेंभुर्णीवर वानरं राहायची आणि खाली चितळं चरायची. वानरं वरून पाला टाकायची. खरं म्हणजे टाकायची नाहीत, सांडायची. वानराची जातच सांडलवंड करणारी. पण त्या सांडलवंडीवर खाली चितळांचं पोट भरायचं.

सगळ्यांत उंच शेंड्यावर बयोमावशी नावाची वानरीण बसायची. तिचं काम एकच. वाघ दिसला की ओरडायचं. "खॅक! खॅक! खॅक!" अशी घसा फाडून ओरडायची, की चितळं शेपट्या वर करून पसार व्हायची. आणि वाघ? तो तोंड वाकडं करून परत जायचा. वाघाचं एक गुपित आहे, कुणाला सांगू नका. त्याला पळायचा भारी कंटाळा. दबा धरायचा आणि झडप घालायची, एवढंच त्याला येतं. एकदा का तो आधी दिसला, की त्या दिवशी त्याला उपास.

बयोमावशी स्वभावाने कजाग. रानडुक्कर दिसलं तरी ओरडायची. झुडूप हललं तरी ओरडायची. सुनेचा राग आला तरी ओरडायची. चितळं वैतागायची, पण पळायची.

या चितळांत चांदणी नावाची एक मादी होती. तिला नुकतंच पहिलं पाडस झालं होतं. चांदणीचं पाडस म्हणून त्याचं नाव ठेवलं टिपूर. पाय अजून लटपटत होते त्याचे. ते शिंकलं तरी चांदणी तोंडातला घास टाकून धावायची. पहिलटकरणीचं असंच असतं. तुमच्या आयांना विचारा.

आता आपल्या नायकाकडे वळू. बयोमावशीचा एक भाचा होता, हुपेंद्र. लहानपणापासून अतिशय हुशार. म्हणजे काम सांगितलं की त्याचं पोट दुखायचं. घरच्यांनी ओळखलं, पोरगा साहेब होणार.

नदीपलीकडच्या टेकडीवर कोल्हेसरांचं मॅनेजमेंट कॉलेज होतं. जंगलातले सगळे साहेब तिथेच तयार होत. फी भरायला वानरांनी बोरं गोळा केली, चितळांनीही केली. चांदणी तेव्हा पोटुशी होती. तिनेही काट्याकुट्यांतून फिरून तोंडाने एकेक बोर वेचून आणलं. म्हणाली, "आपल्या झाडाचा पोरगा शिकतोय. उद्या आपल्याच उपयोगी पडेल."

तिथे काय शिकवतात म्हणता? ऐका.

पहिल्याच दिवशी कोल्हेसरांनी विचारलं, "तळं आटतंय. काय कराल?"

बेडूक म्हणाला, "गाळ काढू."

"शून्य! गाळ काढायला गाढवं आहेत. खाली बस."

मग हुपेंद्र उठला. त्याला तळ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो म्हणाला, "सर, या प्रश्नाला तीन बाजू आहेत."

"शाब्बास!" सर म्हणाले. "कोणत्या, ते सांगायची गरज नाही."

तेव्हापासून हुपेंद्रने मागे वळून पाहिलं नाही. तीन बाजू आहेत म्हणायचं. पहिली सांगता सांगता दुसरी सुचते, आणि दुसरी सांगेपर्यंत तास संपतो. संकटाला संकट म्हणायचं नाही, संधी म्हणायचं. गळ्यात गुळवेलीचा टाय बांधायचा, तोही असा घट्ट की मान खाली घालून बघताच येऊ नये. आणि शेवटच्या दिवशी सरांनी मुलांच्या कानात मुख्य मंत्र सांगितला: "जे मोजता येतं तेवढंच खरं. बाकी गावगप्पा."

पदवीदान समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून वाघोबा आले होते. भाषणभर ते पहिल्या रांगेतल्या हरणांकडे बघत होते. हरणांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

हुपेंद्र परत आला. टेंभुर्णीखाली सत्कार झाला. चांदणीने टिपूरला त्याच्या पाया पडायला लावलं. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बयोमावशीला खालच्या फांदीवर बोलावलं.

"मावशी, तुम्ही दिवसभर काय करता?"

"बसते."

"आणि?"

"बघते. दिसला मेला की ओरडते."

"गेल्या तीन पावसाळ्यांत आपल्याकडे वाघाने किती जणांना खाल्लं?"

"एकालाही नाही!" मावशी ऐटीत म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," हुपेंद्र म्हणाला. "वाघ कुणाला खातच नाही. मग तुम्ही ओरडता कशासाठी?"

मावशीला वाटलं, पोरगा शिकलाय, काहीतरी अर्थ असेल.

हुपेंद्र पुढे म्हणाला, "तुम्ही ओरडलात की चितळं चरायची थांबतात. म्हणजे चारा बुडतो. वानरांची झोपमोड होते. हे सगळं मला मोजता येतं. तुमच्यामुळे कोण वाचलं, ते मात्र मला कुठेच दिसत नाही."

आणि खरंच, बाळांनो, कसं दिसणार? जे वाचतात ते समोर चरत असतात. वाचल्यासारखे दिसत नाहीत, नुसते चितळासारखे दिसतात.

चांदणी पुढे आली. "पण दादा, वाघ आला तर?"

"चांदणीताई, तुमच्या आठवणीत कधी इथवर पोचलाय का?"

"नाही."

"मग?"

चांदणीला काहीतरी खटकलं. काय, ते तिला सांगता येईना. तिने टिपूरला पोटाखाली घेतलं.

बयोमावशीने भांडण केलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. छे हो! ती म्हणाली, "घे बाबा तुझी फांदी. बसून बसून माझी कंबर मोडली." तिला रानफुलांचा हार घातला, निरोपाची भाषणं झाली, आणि ती पलीकडच्या उंबरावर मुलाकडे राहायला गेली. शेंड्यावरचं पद कायमचं रद्द झालं. ती जागा मोक्याची होती, हवेशीर होती, म्हणून हुपेंद्रने तिथे आपलं कार्यालय थाटलं.

आणि काय सांगू, आनंदीआनंद! ओरडा नाही, पळापळ नाही. वानरं दुपारी घोरू लागली. चितळं चरून चरून गलेलठ्ठ झाली. जो तो म्हणू लागला, "शिक्षण ते शिक्षणच!" चांदणीसुद्धा हळूहळू निर्धास्त झाली. टिपूर आता चांगलं उड्या मारू लागलं होतं, आईपासून जरा लांबही जाऊ लागलं होतं.

मग एका दुपारी वाघोबा आले.

ते गवताच्या कडेला आले आणि सवयीने थांबले. आता ती म्हातारी बोंबलेल, मग आपण परत जाऊ, असा त्यांचा हिशेब. थोडा वेळ गेला. कुणी ओरडेना. वाघोबांना वाटलं, आपल्यालाच ऐकू येईनासं झालं की काय! त्यांनी कान झाडले आणि आणखी पुढे आले.

आता एक गोष्ट नीट ऐका. शेंड्यावर हुपेंद्र जागा होता. त्याने वाघ पाहिला. शेपटीच्या टोकापासून मिशीपर्यंत स्वच्छ पाहिला. वानराचं रक्त ते, त्याच्या घशात आपोआप "खॅ..." आलं सुद्धा. पण साहेबाने ते गिळलं. ओरडायचं ते पद आपणच रद्द केलं होतं. आता आपण ओरडलो, तर ते पद लागत होतं असा अर्थ होईल. शिवाय साहेबाने ओरडणं बरं दिसत नाही. या प्रश्नाला तीन बाजू आहेत, असं तो मनाशी म्हणाला. पहिली बाजू सुचायच्या आत वाघाने झडप घातली.

टिपूर गेलं.

चांदणी रात्रंदिवस त्या गवताभोवती फिरत राहिली. तिला पान्हा फुटत होता आणि प्यायला कुणी नव्हतं. मला हे सांगवत नाही, म्हणून पुढे जातो. चिंगे, रडू नकोस. ही विनोदी गोष्ट आहे.

टेंभुर्णीखाली सभा भरली. सगळ्यांना वाटलं, आता हुपेंद्र तोंड लपवणार. हुपेंद्र टाय सरळ करून आला. काडीने मातीत त्याने एक रेघ काढली. बराच वेळ आडवी, आणि शेवटी एकदम वर जाणारी.

"मित्रहो," तो म्हणाला, "तीन पावसाळे शून्य. आता एक! इतकी वाढ या झाडाच्या इतिहासात झालेली नाही. वाघाची गरज... माफ करा, इशाऱ्याची गरज आज प्रथमच सिद्ध झाली. ही फार मोठी संधी आहे. आपण इशारा विभाग सुरू करू या."

"म्हणजे मावशीला परत बोलवायचं?" एका चितळाने विचारलं.

"मावशी अंदाजाने ओरडायच्या. आपण खात्री करून ओरडू. आधी तो वाघच आहे का, याची खात्री. मग त्याला भूक आहे का, याची खात्री. मग तो खरंच खातो का, याची खात्री. त्यानंतर ताबडतोब इशारा! दर महिन्याला थोडी बोरं द्या, बस्स."

सभेने टाळ्या वाजवल्या. खात्री म्हटलं की कुणालाही बरं वाटतं.

चांदणी मागून पुढे आली. टाळ्या थांबल्या.

"तू पाहिलंस त्याला?" तिने विचारलं.

"पाहिलं, ताई."

"मग ओरडला का नाहीस?"

"ताई," हुपेंद्र मृदू आवाजात म्हणाला, "ते पद रिक्त होतं."

चांदणी आणखी एक पाऊल पुढे आली.

"आणि वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "कोल्हेसरांचा निरोप आलाय. मला तिथे शिकवायला बोलावलंय. टिपूरची ही घटना आता दरवर्षी वर्गात शिकवली जाईल. टिपूर अमर झालं, ताई."

तो गेला. सभा पांगली. उंबरावरून बयोमावशी उतरून आली आणि चांदणीजवळ बसली.

मग चांदणी म्हणाली, "मावशी, पुढचं पाडस झालं की मी त्याला त्या कॉलेजात घालणार."

मावशी उसळली. "अगं, डोकं फिरलं का तुझं? तिथे काय शिकवतात ते बघितलंस ना?"

"बघितलं, म्हणून तर," चांदणी म्हणाली. "माझं टिपूर खाली होतं. शिकलेला वर होता."

आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा बोरं वेचू लागली.

तात्पर्य: बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणून पूर्वी लोक एखाद्याला हसायचे. ते अडाणी होते. बैल असताना गोठ्याच्या दाराला झोपा बांधला तर तो नुसता खर्च. बैल गेल्यावर बांधला तर ते नेतृत्व. तेव्हा बाळांनो, वाघ दिसला की ओरडू नका. आधी त्याला जेवू द्या, मग बोला. आणि हे जमत नसेल, तर निदान झाडावर चढायला शिका.