आधी जबानी, मग सीट

भास्करभाऊंच्या दुकानासमोर गाडी लागली, की ते आधी सीटला हात लावत नाहीत. मालकाला स्टुलावर बसवतात, स्वतः समोर उभे राहतात आणि विचारतात, "हं, बोला. डाग कशाचा हाय?"

"चहाचा."

"कोनाच्या हातून सांडला?"

"माझ्याच."

"गाडी कोन चालवते?"

"मीच."

"डाग तं मांगच्या सीटवर हाय. चालवता चालवता मांगं जाऊन चहा पेऊन राह्यले होते काय?"

मालक बिचारा सीट साफ करून घ्यायला आलेला असतो. तो कपाळ पुसायला लागतो.

डोणगावात मेहकर रस्त्याला माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून भास्करभाऊंचं. गाड्यांच्या लेदरच्या सीटा धुणं, चिरा बुजवणं, उडालेला रंग पुन्हा चढवणं हा त्यांचा धंदा. पूर्वी ते ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या रेक्झिनच्या सीटा शिवायचे. मग इकडे मोठ्या गाड्या दिसायला लागल्या आणि भाऊ लेदरवर गेले. मी डोळ्यांचा नंबर काढतो एवढ्यावरून ते मला 'डॉक्टर' म्हणतात. पण अशा सुरात म्हणतात, की जणू माझी कुठलीतरी डिग्री खोटी असल्याचं त्यांना आतून कळलेलं आहे.

भाऊंचं म्हणणं सरळ आहे. "साफ मनाचा मानूस घरीच फडकं मारते अन् मोकळा होते. दुकानात गाडी आनते, तो काहीतरी लपवून राह्यला." या हिशोबानं त्यांचं सगळं गिऱ्हाईक गुन्हेगार ठरतं आणि गुन्हेगारांच्या जिवावर त्यांचं घर चालतं. हे मी एकदा त्यांना म्हणालो. त्यानंतर आठवडाभर ते माझ्या दुकानात कोण येतं-जातं यावर नजर ठेवून होते.

जबानी झाली की तपास. आधी अंगठा दाबून बघायचं. भोवती सुरकुत्या पडल्या तर लेदर, नाही पडल्या तर 'लेदरचा मावसभाऊ'. मग गुडघे टेकून, डोळे मिटून सीटला नाक लावायचं. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतले लोक बघतात आणि त्यांना वाटतं, आत कोणीतरी महाराज बसलेत. सीटच्या फटीतून जे निघेल ते एका स्टीलच्या ताटात मांडायचं. शेंगांची टरफलं, केसांचे आकडे, गोळ्यांची पाकिटं. मालक आला की ताट त्याच्यासमोर धरायचं आणि काही न बोलता त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं.

बहुतेक वेळा भाऊंचा अंदाज साफ चुकतो, हेही सांगून टाकतो. एका विमा एजंटाच्या गाडीत त्यांना हातभर लांब केस सापडला. एजंटाच्या बायकोचे केस आखूड. झालं, भाऊंनी केस ताटात ठेवला आणि बायको गाडी न्यायला आली तेव्हा ताट तिच्यापुढे सरकवलं. "वहिनी, तुमीच पाहा. मी काही बोलत नाई." वहिनींनी केस उचलला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "आमच्या बबलूचा हाय. नवस हाय ना, जावळ काढाचं राह्यलं अजून." भाऊ त्यावरही मागे हटले नाहीत. त्या गेल्यावर मला म्हणाले, "काहीतरी हाय बरं डॉक्टर. एवढे दिवस जावळ कोनी ठेवते काय?"

हसून सोडून द्यावं असंच सगळं. पण एकदा ते नाक अशा ठिकाणी चुकलं, की भाऊंना ते फार महागात पडलं.

त्यांची धाकटी बहीण सुमनताई जळगाव जामोदला दिलेली. तिच्या मुलीच्या साखरपुड्याला भाऊ मामा म्हणून मिरवत गेले. मुलाकडची गाडी दारात उभी होती. भाऊंना राहवलं नाही, दार उघडून त्यांनी आत डोकं घातलं. आणि तसेच मांडवात येऊन भर पंगतीत म्हणाले, "सीटले दारूचा वास हाय. पोरगं पेते!"

पंगतीतल्या बायकांचे हात ताटातच थांबले. शेवटी मुलाचे आजोबा उठले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून द्राक्षासवाची बाटली काढून दाखवली. जेवणानंतर दोन चमचे घेतात, वाटेत खड्ड्यात गाडी आदळली आणि सांडलं. मुलाकडचे लोक समजूतदार, पोट धरून हसले. लग्नही ठरल्याप्रमाणे झालं. फक्त सुमनताई हसली नाही. तिनं भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तुले मायी पोरगी नाई दिसली. सीट दिसली. आता लग्नाले येऊ नको."

भाऊंनीही मग हट्ट धरला. मी भल्यासाठीच बोललो, माफी कायची मागू? फोन बंद झाला, राखी यायची थांबली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. दोन आखाज्या भाऊ गेले नाहीत. त्या दिवसांत गिऱ्हाईक आलं तरी ते जबानी घेत नसत. "ठेवून जा," एवढंच म्हणत. संशय न घेणारे भास्करभाऊ बघवत नसत हो. त्या माणसाला मी कितीही हसत असलो, तरी तेव्हा मला त्यांची दया यायची.

यंदा आखाजी तोंडावर आली आणि दुकानासमोर एक नवीकोरी गाडी उभी राहिली. आत दुधाच्या साईच्या रंगाच्या सीटा. ड्रायव्हर खाली उतरला.

"कुठची गाडी?" भाऊंनी विचारलं.

"जळगाव जामोद."

भाऊंचे कान उभे राहिले. "जामोदहून इथं? मधात खामगाव लागते. तिथले सीटवाले मेले काय?"

"मले काय मालूम? बाईनं सांगतलं, डोनगावलेच ने."

"कोनती बाई?"

"नाव सांगू नको म्हने."

"गाडीचे कागद?"

"घरी राह्यले."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आयुष्यभर वाट बघितलेली केस आज दारात आली. ड्रायव्हर किल्ली देऊन, काम झालं की फोन करा म्हणून एसटीनं परत गेला. तो दिसेनासा व्हायच्या आत भाऊंची सरबत्ती सुरू झाली. गाडी चोरीची आहे. बाईचं नाव लपवलंय म्हणजे बाईच नाही. "डॉक्टर, ठान्यात सांगू काय?" खरं सांगतो, त्या दिवशी मलाही जरा शंका यायला लागली होती.

मागच्या सीटच्या मधोमध एक पिवळा, तेलकट डाग होता. वाटीच्या तोंडाएवढा. भाऊ गुडघ्यावर बसले, नाक लावलं. मी निकालाची वाट बघत उभा राहिलो. भाऊ उठेचनात. उठले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"लोनचं हाय," ते म्हणाले.

"मग? सांडलं असेल प्रवासात."

"बडीशेप कुटून टाकेल हाय त्याच्यात. आमच्या मायच्या हातचं असं असाचं. आता एकटी सुमी टाकते."

भाऊ पुन्हा वाकले. सवय ती सवय. त्यांनी सीटच्या कडा पाहिल्या, शिवणीत बोट फिरवलं, खालची मॅट उचलून उजेडात धरली.

"सांडेल नाई हे, डॉक्टर. सांडलं असतं तं तेल खाली वाह्यलं असतं. शिवनीत मसाला अडकला असता. मॅट कोरी हाय. हे बोटानं लावेल हाय. बसून, सावकाश."

"स्वतःच्या नव्या गाडीला कोण लोणचं लावतं, भाऊ?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हाती पक्का पुरावा लागला होता, आणि तो ताटात मांडून चारचौघांना दाखवावा असं काही त्यांना वाटलं नाही. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. तेल ओढून घ्यायला डागावर खडूची भुकटी पसरली, ती झटकली, पुन्हा पसरली. मग फेस लावून मऊ ब्रश, मग ओलं फडकं. इतक्या हळुवार हातानं त्यांना काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत डाग फिकट हळदीसारखा उरला. अजून एक हात फिरवला असता, तर ठावठिकाणा राहिला नसता. तिथंच भाऊ थांबले. ब्रश धुतला, डबा बंद केला.

"निघत नाई," ते म्हणाले.

मळणीयंत्राचं ग्रीस, लहान मुलांनी ओतलेली शाई, सगळं काढलेला माणूस हा. मी म्हणालो, "एक हात मारा की अजून. जवळजवळ गेलाच आहे."

"निघत नाई म्हनलं ना!" भाऊ माझ्यावर ओरडले. मग स्टुलावर बसले. ज्या स्टुलावर मालक बसतात, त्या. आवाज एकदम खाली आला. "पुरा निघाला तं ड्रायव्हर येईन, किल्ली घेईन अन् चालला जाईन. डाग राह्यला तं मले सोता जा लागंन, मालकिनीले सांगाले. चूक झाली, मायाच्यानं निघाला नाई, माफ कर म्हनून. एवढं एक डाव तोंडातून निघालं ना डॉक्टर, मंग बाकीचंही निघंन."

माझे डोळे भरून आले. मी चष्मा काढून पुसायचं नाटक केलं. त्यांना ते कळलंच असणार.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, डोक्याला नवी टोपी चढवून गाडीत बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. काच खाली केली.

"डॉक्टर, मुराळी दारात गेला अन् बहीन भाईरच नाई आली तं?"

"गाडी तिची आहे, भाऊ," मी म्हणालो. "ती घ्यायला तरी येईलच की."

भाऊंनी थोडा वेळ माझ्याकडे रोखून बघितलं. नेहमीसारखंच, मी काय लपवतोय ते शोधत. मग मान हलवली.

"हाव. तेवढ्यासाठी तं येईनच," म्हणाले, आणि गाडी सुरू केली.