दोन यंत्रं आणि एक अंगठी

"दाजी, तुमच्या यंत्राला पडदा आहे म्हणून ते खरं बोलतं असं नाही," वेंडल म्हणाला आणि स्वतःच्या यंत्राच्या दांड्यावरची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवली.

डेल्बर्ट स्टकीच्या गॅरेजात, कामाच्या टेबलावर दोन मेटल डिटेक्टर शेजारी शेजारी पडले होते. एक वेंडलचा, इतका जुना की त्याचा मूळ रंग कोणता हे आता वेंडललाही आठवत नव्हतं. दुसरा डेल्बर्टचा, आदल्या दिवशी खोक्यातून निघालेला. धातू सापडला की तो पडद्यावर आकडा दाखवायचा आणि त्या आकड्यावरून जमिनीखाली काय आहे ते ओळखायचं. वेंडलचं यंत्र सगळ्याच धातूंना एकाच सुरात हाक मारायचं.

वेंडल हा डेल्बर्टच्या बायकोचा, म्हणजे अर्लीनचा धाकटा भाऊ. दर रविवारी चर्च सुटलं की मेहुणे-दाजी यंत्रं खांद्यावर टाकून ओहायोची शेतं तुडवत फिरायचे. जुनी नाणी, लष्करी बटणं, घोड्याच्या साजाच्या कड्या, असं काय काय सापडतं म्हणतात. त्यांना बहुतेक वेळा ट्रॅक्टरचे नटबोल्ट सापडायचे, कारण डेल्बर्ट वेंडलला सारखा केसलरच्या खालच्या शेतातच न्यायचा. तिथं काही मिळत नाही हे वेंडलला केव्हाच कळून चुकलं होतं. डेल्बर्टला का कळत नाही, हे मात्र त्याला कळत नव्हतं.

"आज एकदा सोक्षमोक्ष लावू," डेल्बर्ट म्हणाला. "नाणी पुरायची, अंगठी पुरायची. बघू कुणाचं यंत्र काय सांगतं."

"पुरणार कुठं?"

"मागच्या अंगणात."

वेंडलनं दचकून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. अर्लीनचा नियम साऱ्या गल्लीला पाठ होता : अख्खा जिल्हा खणा, पण माझ्या हिरवळीला हात लावायचा नाही. ती हिरवळही तशीच होती. दर वसंतात अर्लीन गुडघ्यांवर बसून, बोटांनी गवत विंचरून विंचरून पिवळ्या फुलांचं तण उपटायची. डेल्बर्ट येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा, की अशी बाग करणारी बाई जिल्ह्यात दुसरी नाही.

"ती चर्चच्या तळघरात शेवया लाटतेय," डेल्बर्ट म्हणाला. "संध्याकाळच्या जेवणावळीला अख्खं गाव येणार. दुपारपर्यंत काही येत नाही ती."

"आणि सोन्याची अंगठी? तुमच्या बोटातली काढा."

"निघत नाही रे. बोटं सुजलीत." डेल्बर्टनं डावी मूठ मिटली. "अर्लीनची आहे की. पीठ मळायचं असलं की ती काढून बशीत ठेवते."

वेंडल आयुष्यात दोनच गोष्टींना घाबरायचा, विजेला आणि थोरल्या बहिणीला. पण कुतूहल भीतीपेक्षा मोठं निघालं. सोन्याची गंमत अशी, की यंत्राला सोन्याची अंगठी आणि बिअरच्या डब्याची ओढून काढायची कडी जवळजवळ सारखीच वाटते. दोन्हींचा आकडा पन्नासच्या आसपास. नवं यंत्र त्यातला फरक ओळखतं की नाही, हे त्याला मनापासून बघायचं होतं.

डेल्बर्टनं सिंकजवळच्या बशीतून अंगठी आणली आणि आधी टेबलावरच ठेवून तिच्यावरून आपलं यंत्र फिरवलं. पडद्यावर आकडा आला : चौऱ्याहत्तर.

"चौऱ्याहत्तर म्हणजे काय?" वेंडलनं विचारलं.

डेल्बर्टनं माहितीपुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "पितळ," तो हळूच म्हणाला.

वेंडल हसून हसून स्टुलावरच बसला. "दाजी! तीस वर्षांवर संसार झाला आणि हे कालचं यंत्र तुम्हाला सांगतंय की बायकोची अंगठी पितळेची! ताईसमोर लावू नका हं, जेवायला मिळायचं नाही."

"बिघडलेलं दिसतंय," डेल्बर्ट पडेल आवाजात म्हणाला. "ही अंगठी मी स्वतः सोनाराकडून करून घेतलीय. आत अक्षरंसुद्धा कोरलीत."

"परत पाठवा. पण आधी परीक्षा होऊन जाऊ द्या."

परीक्षा प्रामाणिक व्हायची तर शोधणाऱ्याला जागा माहीत असता कामा नये. म्हणून डेल्बर्ट भिंतीकडे तोंड करून बसला आणि पुरायचं काम वेंडलकडे आलं. हे काम मात्र तो फार सुरेख करायचा. या छंदातल्या माणसांची सगळी अब्रू एका गोष्टीत असते : खणलं होतं हे कुणाला कळता कामा नये. वेंडलनं गवताचा गोल तुकडा मुळांसकट कापून उचलला, चार बोटं खोल अंगठी ठेवली, तुकडा परत बसवला, कडा दाबल्या, वर पाणी शिंपडलं, गवत उलट्या हातानं उभं केलं. मग दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर जागा त्याची त्यालाच दिसेना. त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

खूण मात्र त्यानं ठेवली होती. शेजारच्या यॉडरची पिकअप गाडी कुंपणापलीकडे उभी होती. तिच्या पुढच्या चाकापासून कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खांबापर्यंत सरळ रेषा, आणि रेषेच्या बरोबर मधोमध अंगठी. मग त्यानं गॅरेजलगतच्या कोपऱ्यात चार नाणी पुरली आणि हाक मारली, "या दाजी!"

नाण्यांची परीक्षा मजेत पार पडली. नव्या यंत्रानं चारही बरोबर ओळखली, जुन्यानं चारही शोधली आणि वर एक खिळाही. कोण जिंकलं यावर दोघांचं एकमत होईना, त्यात बराच वेळ गेला. अंगठी मात्र डेल्बर्टला सापडली नाही.

"हरलात?" वेंडल म्हणाला. "थांबा, दाखवतो." त्यानं खांबाला पाठ लावली, एक डोळा मिटला आणि कुंपणाकडे पाहिलं.

यॉडर गाडी घेऊन कुठंतरी निघून गेला होता.

"काय झालं?" डेल्बर्टनं विचारलं.

"काही नाही," वेंडल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

सगळं ऐकल्यावर डेल्बर्ट मटकन गवतात बसला. "चाकावरून खूण? अरे, चाक म्हणजे हलायचीच वस्तू! खोदकाम तरी जरा गबाळं करायचं होतंस!"

"ताईची हिरवळ आहे, दाजी. गबाळं कसं करू?"

आता दोन्ही यंत्रं एकदम कामाला लागली. जुनं यंत्र पहिल्या पावलापासून जे ओरडत सुटलं ते थांबेचना. आधीच्या घरमालकानं या अंगणात वर्षानुवर्षं बिअरच्या मेजवान्या झोडलेल्या असणार. डब्यांच्या कड्या जमिनीत पेरल्यासारख्या पडल्या होत्या.

"तुमच्या यंत्राला आकडे कळतात ना?" वेंडल घाम पुसत म्हणाला. "सकाळचा चौऱ्याहत्तर शोधा."

"तो आकडा पितळेचा! तूच हसलास ना? रात्रीपासून चार्ज होत होतं, डोकं फिरलं असेल त्याचं. आता मी ते मूळपदावर आणलंय. सोन्याचा आकडा लावतो, बाकी सगळं बंद."

हे वेंडलला पटलं. एका बाजूला कालचं यंत्र आणि दुसऱ्या बाजूला बहिणीची अंगठी. यात खोटं कोण, हे विचारायचीही गरज नव्हती. सोन्याचा आकडा म्हणजे कड्यांचाही आकडा, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी खणणं आलं. वेंडल गोल कापायचा, डेल्बर्ट आत बोट घालायचा, कडी निघायची, गवत परत बसायचं. पहिली काही भोकं त्यांनी छान बुजवली. मग घाई झाली. मग अंगणाला देवी आल्यासारखं दिसायला लागलं.

तेवढ्यात डेल्बर्टचा फोन वाजला. अर्लीन होती. बोलणं फार झालं नाही.

"अंडी संपली म्हणाली," डेल्बर्टनं सांगितलं. "घरातली न्यायला येतेय. निघालीसुद्धा."

लहानपणी आई रात्रपाळीला जायची तेव्हा वेंडलला भरवायची ती हीच बहीण. तिच्या संसाराची खूण त्यानं एका पिकअपच्या चाकाच्या भरवशावर जमिनीत घातली होती. त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली.

"इकडे ये!" डेल्बर्ट दोरीच्या टोकाशी ओरडला. "पुन्हा पन्नास!"

वेंडलनं कापलं, डेल्बर्टनं हात घातला. मनगट बुडलं तरी काही लागेना. मग त्यानं मातीचं एक ढेकूळ बाहेर काढलं, चुरडलं, आणि आत सोनं चमकलं. अंगठी! तणाचं जाडजूड मूळ तिच्यातून आरपार गेलं होतं.

"इतकी खोल पुरलीस?" डेल्बर्ट म्हणाला.

"मी चार बोटंच..." वेंडल मुळाकडे बघत राहिला. "आणि हे मूळ सकाळपासून वाढलं?"

"अर्लीन खत फार भारी घालते," डेल्बर्ट म्हणाला आणि अंगठी धुवायला नळाकडे पळाला. आतली अक्षरं उजेडात धरून वाचली. डी आणि ए. त्यानं डोळे मिटून आभाळाकडे तोंड केलं.

वेंडलचं मन मात्र त्या मुळात अडकलं होतं. तो कड्या गोळा करत असतानाच कुंपणापलीकडे घरघर झाली आणि यॉडरची पिकअप नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. वेंडलला राहवलं नाही. त्यानं खांबाला पाठ लावली, एक डोळा मिटला, रेषेवर चालत गेला, मधोमध गुडघे टेकले आणि गवताचा गोल उचलला.

चार बोटं खाली अंगठी होती.

"दाजी," तो म्हणाला. "जरा या."

डेल्बर्टच्या तळहातावर दोन अंगठ्या शेजारी शेजारी पडल्या. दुसरीच्या आत एकही अक्षर नव्हतं. डेल्बर्टनं नवं यंत्र तिच्यावरून फिरवलं. चौऱ्याहत्तर.

दारात गाडी थांबली. डेल्बर्टनं पितळेची अंगठी खिशात घातली, धावत जाऊन सोन्याची बशीत ठेवली आणि सिंकला टेकून उभा राहिला. वेंडल मागच्या दाराशी थबकला. पळून जायला वेळ होता, पण पुढे काय होतं ते बघितल्याशिवाय त्याचा पाय निघेना.

अर्लीन पिठाच्या हातांनी आत आली. "वेंडल, तू इथं काय करतोयस? तोंडाला चिखल कसला?" म्हणत तिनं हात धुतले, पुसले, सवयीनं बशीतली अंगठी उचलून बोटात सरकवली, आणि थांबली. अंगठी सांध्यापाशी अडकली होती. तिनं ती काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि आत पाहिलं. मग खिडकीतून बाहेर, अंगणाकडे पाहिलं.

आता ओरडा होणार म्हणून वेंडलनं खांदे आवळले. ओरडा झाला नाही. अर्लीन खुर्चीत बसली.

"कुठं होती?" तिनं विचारलं.

"बशीत," डेल्बर्ट म्हणाला.

"डेल्बर्ट."

"दोरीच्या टोकाला. तणाच्या मुळात."

"चादरी वाळत घालताना पडली होती," अर्लीन म्हणाली. "किती वर्षं शोधली रे. दर वसंतात बोटांनी गवत चाळलं. तुला वाटायचं मी तण काढतेय, आणि तू साऱ्या गावाला माझी बाग सांगत सुटायचास. मग तर तोंडच उघडवेना."

वेंडलनं मागे वळून अंगणाकडे पाहिलं. गल्लीतली ती सगळ्यात सुंदर हिरवळ, आणि ती अंगठी शोधता शोधता झाली होती!

डेल्बर्टनं खिशातून दुसरी अंगठी काढून टेबलावर ठेवली. "आणि ही?"

"बाजारातली. घातली त्याच दिवशी तू म्हणालास, अर्लीन, तुझी अंगठी हल्ली जास्तच चमकते."

डेल्बर्ट हसला. पुढे होऊन त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वेडी आहेस. मला सांगायचं होतंस. अंगठी काय, पडते माणसाच्या हातून."

"इतकं सोपं होतं?" अर्लीननं डोळे पुसले. मग खांद्यावरच्या हाताकडे बघत राहिली. त्याच्या बोटातली अंगठीही छान चमकत होती. "वेंडल," ती म्हणाली, "ते नवीन यंत्र खरं बोलतं ना?"

"बोलतं, ताई. आज आम्हीच खोटे ठरलो."

"आण इकडे. डेल्बर्ट, हात पुढे कर."

"अगं, बोटातून निघत नाही ती."

"काढायची नाहीये. नुसता खाली धर."

डेल्बर्टनं मदतीसाठी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्यानं तोवर बटण दाबलंही होतं. यंत्र गोड आवाजात वाजलं आणि पडद्यावर आकडा आला. बहात्तर.

अर्लीननं वाकून तो आकडा पुन्हा वाचला.

"कुठं?" अर्लीननं विचारलं.

"केसलरच्या खालच्या शेतात," डेल्बर्ट जमिनीकडे बघत म्हणाला. "गवताचे भारे उचलायला गेलो होतो तेव्हा. त्यानंतरच तर पहिलं यंत्र घेतलं."

"आणि मला म्हणालात इतिहासाची आवड लागली!" वेंडल ओरडला. "दाजी, इतकी वर्षं त्या शेतात मी इतिहास शोधत होतो!"

अर्लीन उठली. दाराशी पडलेले आपले बागेतले बूट तिनं पायात चढवले, फ्रीजमधून अंड्यांचं खोकं काढून वेंडलच्या हातात दिलं. "हे चर्चमध्ये दे. त्यांना सांग, शेवया लाटा, मला यायला उशीर होईल. आणि तुझं यंत्र मी नेतेय."

वेंडल अंडी छातीशी धरून फुटपाथवर उभा राहिला. दोघं गाडीत बसेपर्यंत भांडत होती. अर्लीनचं म्हणणं, तिला नवं यंत्र हवं. डेल्बर्टचं म्हणणं, नवशिक्या माणसानं जुन्यापासून सुरुवात करावी.