उरलेला स्क्रू

"आज सासरेबुवांनी तोंडात बोट घातलं नाही, तर नाव बदलेन!" असं आरशाला बजावून मुद्रितशोधक महाशय टेबलाशी आले.

टेबलावर लालभडक मोटारसायकल उभी होती. खऱ्या गाडीच्या एक षष्ठांश, म्हणजे चांगली दीड वीत लांब! सासऱ्यांनी तीस वर्षं चालवली, त्या गाडीची हुबेहूब नक्कल. साखळीची कडीन् कडी चिमट्यानं जोडलेली. विकत आणलेल्या सुट्या भागांच्या संचातून ती जोडण्यात तीन महिन्यांचे सगळे रविवार गेले होते.

सासरे हाडाचे मेकॅनिक. गाडी फाटकात शिरायच्या आधीच आवाजावरून तिचं दुखणं सांगणार! त्यांच्या गॅरेजमध्ये जावयाला बारा वर्षांत एकच काम मिळालं होतं, टॉर्च धरायचं. तेसुद्धा बोलणी खात. "जावईबापू, मला नट दिसू द्या, छत नको!" आज त्यांची सत्तरी होती. पाचला ते यायचे होते, आणि जावयाच्या हातांनाही काही येतं हे आज कळणार होतं.

चार वाजता महाशयांनी वाकून शेवटची फुंकर मारली. मान वर करतात तो काय, गाडीच्या चाकाशी एक स्क्रू! तिळाएवढा.

"अगं ए! एक स्क्रू उरला!"

"उरू दे की," आतून बायको म्हणाली. "बाबांच्या गॅरेजमध्ये डबाभर उरलेत."

"त्यांचा उरला तर तो अनुभव! माझा उरला तर ती चूक!"

माहितीपुस्तिकेतल्या अडुसष्ट पायऱ्यांवर महाशयांनी लाल पेन्सिलीनं दोन-दोनदा खुणा केल्या होत्या. जाडजूड शब्दकोशातला एक चुकार स्वल्पविराम पकडणारा माणूस तो! मग हा स्क्रू कुठला? सासरे एका नजरेत ओळखणार आणि सगळ्यांदेखत म्हणणार, "हिचं काहीतरी राहिलंय."

त्यांनी सीट काढली. सगळं जागेवर. टाकी उतरवली. तिथंही ठीक. घाम फुटला, चष्मा नाकावरून घसरायला लागला. तो वर सारत त्यांनी हँडल सोडवलं.

"अहो, सव्वाचार झाले!"

"वेळ सांगू नकोस!"

साडेचारला चाकं निघाली. चष्मा आता एका बाजूला कलायला लागला होता. पावणेपाचला इंजिन उघडलं आणि चष्म्याची डावी काडी सरळ मांडीवर पडली. "हिलाही आजच मुहूर्त मिळाला!" असं करवादून त्यांनी ती चिकटपट्टीनं गुंडाळली आणि पुन्हा शोधाला लागले. तीन महिन्यांची गाडी पाऊण तासात टेबलभर पसरली. स्क्रूची जागा काही सापडेना.

तेवढ्यात बेल वाजली. सासरे दहा मिनिटं आधीच आले! महाशयांना वाटलं, टेबलासकट जमिनीत गडप व्हावं.

"हे काय?" सासऱ्यांनी ढिगाकडे पाहिलं.

"तुमची गाडी, बाबा. म्हणजे, होती. चारपर्यंत." महाशयांचा आवाज रडवेला झाला. "हा एक स्क्रू उरला. कुठला ते कळेचना, म्हणून..."

सासऱ्यांनी स्क्रू बोटावर घेतला. मग जावयाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चष्मा काढा."

"अं?"

"काढा हो!"

सासऱ्यांनी चिकटपट्टी सोडली, काडी लावली, स्क्रू भोकात टेकवला आणि टेबलावरच्याच बारक्या पेचकसानं दोन वेढे दिले. स्क्रू असा बसला, जणू जन्मापासून तिथंच होता!

"म्हणजे गाडी पूर्ण झाली होती?" बायकोनं कपाळाला हात लावला. "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

महाशय मटकन खाली बसले. चष्मा घट्ट झाल्यामुळे समोरचा पसारा आता अगदी स्वच्छ दिसत होता.

सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी ढिगातून लाल टाकी उचलली. तिच्या डाव्या अंगाला एक छोटासा पोचा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"हा पोचा कंपनीनं दिलेला नाही."

"नाही. तुमच्या जुन्या फोटोत होता. बघून मी केला."

"ही जन्मली तेव्हा आनंदाच्या भरात दवाखान्याच्या फाटकावर धडकलो होतो." सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. "ही आठवण ठेवलीत तुम्ही? हात चांगला आहे हो तुमचा!"

बारा वर्षांत पहिल्यांदा! महाशयांचे डोळे भरून आले.

सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या आणि खुर्ची पुढं ओढली. "आणि गाडी सुटी करून दिलीत हे फार छान केलंत. जोडलेली दिली असतीत तर काय, धूळ पुसत बसलो असतो!"

महाशय उत्साहानं उठले. चिमटा पुसून हातात घेतला, लाल पेन्सिल कानावर खोचली, पुस्तिका पहिल्या पानावर उघडली. "बाबा, आधी इंजिन जोडू या. तुम्ही डावीकडून, मी उजवीकडून!"

सासऱ्यांनी त्यांच्या हातातला चिमटा अलगद काढून घेतला.

"आणि जावईबापू," ते म्हणाले, "तो टॉर्च आणा बघू."

महाशयांनी तो आणला. इमानेइतबारे धरला. दहाव्या मिनिटाला आवाज आलाच, "मला नट दिसू द्या हो, छत नको!"