स्वच्छ हवेचा सत्कार

शेलूबाजारची हवा शहरातल्या गिरणीभागापेक्षा घाण निघाली. म्हणजे असं काही झालंच नाही. गावात कुणालाही विचारा, "कायची हवा? कोन्ती मशीन?" एवढंच उत्तर मिळेल. तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरून चालू.

तर जे झालं नाही ते असं. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात शहरातून एक सरकारी साहेब हवा ओढणारी मशीन घेऊन आले. मशीनच्या तोंडाशी पांढरा कागद असायचा आणि ओढलेल्या हवेतली घाण त्यावर बसायची. गिरणीभागातल्या कागदाशी ताडून पाहायला त्यांना एखाद्या निर्मळ गावची हवा पाहिजे होती. सरपंच दौलतरावांच्या गोठ्याच्या छपरावर मशीन बसली आणि राखणीला त्यांचा जावई जगदेव नेमला गेला. हवा निर्मळ निघाली तर मशीन इथेच राहणार होती आणि तिच्यासोबत राखणदारही कायम होणार होता.

जगदेव लग्नापासून सासुरवाडीतच राहत होता. त्याने दुसरी भाकर घेतली की दौलतराव आढ्याकडे पाहत. या पाहण्यावर सरकारी नोकरीशिवाय दुसरं औषध नव्हतं.

जगदेव सासऱ्यांना म्हणाला, "मामाजी, साहेब सांगून गेले का काहीच करू नका. हवा जशी हाय तशीच राहू द्या."

"तसं म्हनाच लागते त्याइले," दौलतराव म्हणाले. "पाहुना बी म्हनते, जेवून आलो. म्हनून आपुन ताट वाढत नाही काय?"

कागद न्यायला साहेब येणार, त्या सकाळी गाव कामाला लागलं. हमरस्त्यावरच्या जीपा धूळ उडवत होत्या, ती आधी बसवणं भाग होतं. दुर्गाबाईंनी, म्हणजे जगदेवच्या सासूने, सडा टाकायला घेतला.

"सरकारी मानूस येऊन राह्यला. साध्या पान्याचा सडा शोभते काय?"

गोठ्यातल्या खड्ड्यात महिनाभर साचलेलं गोमूत्र बादल्या भरभरून रस्त्यावर गेलं. धूळ बसली, वास उठला. आता सरकारी माणूस यायचा म्हणजे रस्त्याच्या कडेने चुन्याची फक्की पडतेच. दौलतरावांनी विचार केला की फक्कीने शोभा येते, तर जास्त फक्कीने वासही जाईल. त्यांनी अख्खा रस्ता पांढरा करवला. चुना ओल्या सड्यात मिसळला आणि वास जाण्याऐवजी नाकातून थेट डोळ्यांत शिरला.

"रडून काहून राह्यले तुमी?" दुर्गाबाईंनी पदराने डोळे पुसत विचारलं.

"मी कायले रडू? तूच रडून राह्यली."

गोठ्याला लागून गोविंदसिंगचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. स्वागताच्या भोंग्याचा आवाज पार मानोरा गावापर्यंत गेला पाहिजे, असा सरपंचांचा हुकूम होता. म्हणून गोविंदसिंगने दुकानातल्या झाडून साऱ्या बॅटऱ्या चार्जिंगला लावून ठेवल्या होत्या.

"गोविंदसिंग, तेजाब उकळून राह्यलं ना बे!"

"उकळू द्या ना सरपंच. पोट भरलं का ढेकर येतेच."

बॅटऱ्यांचे ढेकर गोठ्याकडे निघाले, रस्त्यावरचा वास त्यांना वाटेत भेटला आणि छपरावर पांढरं धुकं उभं राहिलं. जगदेव सूप घेऊन वर चढला आणि जीव तोडून वारा घालू लागला. धुकं हलेना, पण मशीनला मात्र ते चांगलंच मिळू लागलं.

"जवाई, आरती बी म्हना!" खालून गोविंदसिंग ओरडला.

साहेब आले. हार घालून घेताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गावाला वाटलं, माणूस हळवा आहे. मग त्यांनी कागद काढला, तराजूत घातला, पुन्हा घातला आणि खुर्ची मागितली.

"गिरणीभागापेक्षा जास्त," ते पुटपुटले. "इथे केलंत काय तुम्ही?"

"तुमचा सत्कार," दौलतराव म्हणाले आणि त्यांनी आढ्याकडे पाहिलं. आढं नव्हतं, पण जगदेवला समजायचं ते समजलं.

साहेब रस्त्यावर गेले, गोठ्यात गेले, दुकानात डोकावले. परत आले ते नाचायचेच बाकी होते. "चुन्याने गोमूत्रातला अमोनिया मोकळा केला! तेजाबाची वाफ त्याला भेटली आणि दोघांचं हवेत तरंगणारं बारीक मीठ झालं. शहरात हेच होतं, पण तिथे हजार धुरांड्यांत कोण कुणाला भेटलं ते कळत नाही. तुम्ही एका गोठ्यावर अख्खं शहर उभं केलंत!"

"मंग मशीन?" जगदेवने विचारलं.

"कायमची इथेच. राखणदारही कायम. फक्त हवा अशीच राहिली पाहिजे. सुधारली, की मशीन हलवू."

त्या संध्याकाळी जगदेवच्या ताटात तिसरी भाकर स्वतः दौलतरावांनी वाढली. दुसऱ्या दिवसापासून गाव रोज सडा, फक्की आणि बॅटऱ्या करू लागलं. पण गुरं दिवसभर रानात असत, गोमूत्र तिकडेच राही, खड्डा आटत चालला आणि कागद दर आठवड्याला जरा जास्तच हलका निघू लागला. शेवटी जगदेवने वरच्या कार्यालयाला लिहिलं:

"सबब विनंती की, सरपंचांच्या गोठ्यातील सर्व गुरांना चतुर्थ श्रेणीत कायम सामावून घेण्यात यावे, आणि कार्यालयीन वेळेत पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय न सोडण्याबाबत त्यांना लेखी समज देण्यात यावी."