अडल्या जहाजाच्या टोपाची हकीकत

खाऱ्या पाण्यास आणि वाढत्या हातास नमन करोन लिहिलें जातें ऐसें जे:

‘डाव घालूं नको गो बाय, मासा मोडतो. टोप हालव!’ हा शब्द दौलतराव पावसकर खलाशी यांणी कन्या मंदाबाई लहान असतां चुलीपाशीं उच्चारिला, तो तिचे कानीं राहिला. दौलतराव तरणेपणीं इटली मुलखीं एके बंदरीं वर्षभर अडकोन होते. जहाजाचा धनी परागंदा जाहला, सोबती घरीं परतले, आणि हे एकटे जहाज राखीत राहिले. तेथें काय गुजरलें तें मरेतों बोलिले नाहींत. मातुश्री अखेरपर्यंत म्हणत, ‘तिकडं कोन तरी असंल. नायतर मानूस असा गप ऱ्हातो?’ हें शल्य मंदाबाईंचे उरीं. मग शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, आश्विनमासीं बाई विमानीं बसोन त्या बंदरीं दाखल जाहल्या.

बंदर कष्टाचें, मिरवण्याचें नव्हे. जाळीं वाळताहेत, क्रेन करकरताहेत, आणि चाच्यांवर नजर ठेवणारा जुना बुरूज आतां मचव्यांचीं दोरखंडें सांभाळितो आहे. आणि धक्क्यावर पसरट टोप चढलेला, त्यांत लिलावीं न खपलेली काटेरी मासळी, टोमॅटो आणि सिरका. वास ऐसा कीं पायांस वाट पुसावी न लागे. टोपाची धनीण नुन्त्सियाताबाई, वय ऐंशीपार, मुद्रा करारी. खिशांतील यंत्रास दुभाषी करोन बोलणें जाहलें. ती म्हणाली, “फार पूर्वीं वेढा पडला, परकें जहाज इथें अडकलें, तेव्हांपासोन आमची चाल आहे. ज्याचें जहाज अडलें त्यानें या टोपांतलें खावें. आणि कोण जेवला, हें बाहेर सांगायचें नाहीं.” मंदाबाईंणी बापाची तसबीर पुढें केली. नुन्त्सियाताबाई म्हणाली, “चेहरे माझ्या ध्यानांत राहत नाहींत,” आणि कांदा चिरूं लागली. कांदा तर मघांच टोपांत पडला होता.

मंदाबाई खट्टू जाहल्या, मग म्हणाल्या, “निदान टोपाला हात तरी लावूं द्या.” तों शेजारीं जाळें सांधणारा बेप्पे नाखवा हसोन बोलिला, “अहो, माझी बायकोसुद्धां याला हात लावत नाहीं, म्हातारी डाव फेकून मारते!” मग मंदाबाईंणी डाव बाजूस ठेविला, पदरानें कान धरोन टोप उचलिला, आणि नांगरलेली होडी लाटेवर डुलावी तैसा डोलविला. नुन्त्सियाताबाईनें सुरी खालीं ठेविली.

“हें कुणीं शिकवलें?”

“बापानं.”

“आणि त्याला मी,” नुन्त्सियाताबाई म्हणाली. “आधीं जेव. या टोपांतलें खाल्लें तो घरचा. घरच्यांशीं बोलायला मनाई नाहीं.”

मंदाबाई जेविल्या; रस्सा आंबट, तिखट थोडा, आणि बोटें चाटतां डोळे भरले. मग धीर करोन पुसिलें, “माझी आय म्हनायची, इथं कोन तरी होती.”

सारांश, मुलूख दूरचा, माणसें थोर, अन्न त्याहून थोर. बंदराचें नांव त्या चालीस मान देऊन लिहिलें नाहीं. नुन्त्सियाताबाई पुढें जें बोलिली तें येणेंप्रमाणें:

“होती ना. मी त्याला जेवूं वाढत होतें. जहाजांत दाणा नव्हता, पोरी. तो रोज सगळ्यांच्या मागून यायचा, मान खालीं घालून. जातांना माझा हात धरून म्हणाला, ‘मी इथें उपाशी होतों, हें माझ्या घरीं कधीं कळूं देऊं नका.’”