कपाट क्रमांक तीनमधील वाढीबाबत

पान १

घाटकोपर पूर्वेच्या बालरंजन केंद्रात ठेवलेली मंडळाची मालमत्ता गेल्या काही वर्षांत कोणाच्याही परवानगीशिवाय वाढली आहे, ही गंभीर बाब ३ फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी उघडकीस आली. त्या वेळी लोखंडी कपाट क्रमांक तीनसमोर तिघे जण उभे होते : भांडारपाल श्रीमती नलिनी साळवे, लेखापरीक्षक श्री. चंद्रप्रकाश दळवी आणि कनिष्ठ लिपिक श्री. सुबोध परब. कपाटाचा दरवाजा कोणी हात न लावता अर्धा उघडला होता.

कपाटात अठ्ठेचाळीस हस्तधारित क्रीडायंत्रे आहेत. मुले त्यांना गेम म्हणतात. 'खेळता खेळता गणित' या उपक्रमासाठी मंडळाने ती चौदा वर्षांपूर्वी घेतली. उद्घाटनाच्या दिवशी ती मुलांच्या हातात देऊन फोटो काढण्यात आला आणि फोटो निघताच परत घेण्यात आली. कारण त्याच दिवशीच्या टिपणीत आहे : मुलांनी हाताळल्यास यंत्रे खराब होण्याची शक्यता असल्याने ती मुलांपासून दूर ठेवावीत. त्यानुसार ती दूर ठेवण्यात आली आणि दूर राहूनच खराब झाली. फोटोतल्या पहिल्या रांगेतल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका गेल्या मे महिन्यात केंद्राला आली.

दळवींनी एक यंत्र उचलले आणि पट्टी लावली. नोंदवहीप्रमाणे जाडी तेवीस मिलिमीटर. प्रत्यक्षात सदतीस. मागचे झाकण सुटले होते आणि फटीतून चंदेरी, गुबगुबीत असे काहीतरी बाहेर डोकावत होते.

नलिनीबाईंनी काय झाले आहे ते सरळ सांगितले. बॅटऱ्या पडून पडून फुगल्या आहेत, आत वायू धरला आहे, एखादी फुटली तर पेट घेईल, आणि शेजारच्या खोलीत दुपारी मुले येतात. दळवींनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांना सगळे पटले. फक्त हे कोणत्या रकान्यात लिहायचे तेवढे त्यांना समजेना. नोंदवहीत तुटीचा रकाना होता, मोडतोडीचा होता, उंदरांचा स्वतंत्र होता. वाढीचा नव्हता.

"तूट असती तर तुमच्यावर ठपका ठेवून मी जेवायला गेलो असतो," दळवी म्हणाले. "जास्तीचं मी काय करू? हे आलं कुठून, मॅडम?"

"आतून आलं."

"आतून म्हणजे कोणाच्या मंजुरीने?"

दर यंत्रामागे चौदा मिलिमीटर धरून दळवींनी गुणाकार केला आणि शेरा मारला : भांडारपालांच्या ताब्यात दोन फुटांहून अधिक बेहिशेबी मालमत्ता आढळली. खुलासा मागवावा.

पान २

नलिनीबाई २८ फेब्रुवारीला निवृत्त होणार होत्या. मंडळाच्या नियमाप्रमाणे भांडाराचा ताबा दुसऱ्याने सही करून घेतल्याशिवाय भांडारपालाला कार्यमुक्त करता येत नाही. असे अडकून पडलेले दोन भांडारपाल मुलुंड केंद्रात आहेत. त्यांपैकी एकाचे वय एकाहत्तर आहे.

हे सगळे त्यांनी सहन केले असते, पण प्रश्न भाकरीचा होता. चौतीस वर्षे त्यांनी दुपारचे जेवण कपाट क्रमांक तीनला पाठ टेकून, डब्यातून, थंडच घेतले होते. त्यांचे यजमान धोंडिराम चार वर्षांपूर्वी छापखान्यातून निवृत्त झाले आणि मुलुंडच्या घरी रिकामे बसण्यापेक्षा भाकरी शिकले. पहिले वर्ष फुकट गेले. चौथ्या वर्षी भाकरी पापुद्रा धरू लागली. ती साडेबाराला तव्यावरून उतरते आणि नलिनीबाई घरी पोचतात तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात. सातच्या भाकरीवरून साडेबाराच्या भाकरीची कल्पना करणे हा त्यांचा रोजचा उद्योग झाला होता. १ मार्चला साडेबारा वाजता आपण तव्यासमोर पाटावर बसणार, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

ताबा घ्यायचा होता सुबोध परबने. त्याने नोंदवही उघडून वर्णनावर बोट ठेवले : 'काळी, आयताकृती, चपटी.'

"चपटी दाखवा, आत्ता सही करतो," तो म्हणाला. "ह्या तर तळून काढल्यासारख्या झाल्यात. उद्या मी रिटायर होताना चपट्या कुठून आणून देऊ? आणि मला अजून चोवीस वर्षं आहेत, मॅडम. तोपर्यंत ह्या केवढ्या होतील, विचार करा ना."

नलिनीबाईंनी विचार केला आणि यंत्रे मोडीत काढण्यासाठी अर्ज केला.

पान ३

मोडीत काढण्याला मंडळात निर्लेखन म्हणतात. निर्लेखनासाठी वस्तू नादुरुस्त असल्याचे सिद्ध करावे लागते. वस्तू चालत नाही हे सिद्ध करायला ती अधिकाऱ्यासमोर चालवून दाखवावी लागते. क्रीडायंत्र चालवायला चार्ज करावे लागते. मंडळाने नलिनीबाईंना अठ्ठेचाळीस यंत्रे रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी अहवाल देण्यास कळवले.

त्यांनी स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीची टपरी चालवणाऱ्या विकीला बोलावले. विकी वीस वर्षांचा अनुभव घेऊन आला आणि कपाटात डोकावून तीन पावले मागे गेला.

"कोण बोलला चार्ज करा?"

बाईंनी पत्र दाखवले. विकीने ते वाचून अदबीने परत केले.

"मॅडम, ह्याला चार्जर लावला ना, तर निर्लेखन तुमचंच होईल. टोचायचं नाय, दाबायचं नाय, उन्हात ठेवायचं नाय. पत्र्याच्या पेटीत वाळू घाला, त्यात पुरून ठेवा आणि ई-कचरावाल्यांना बोलवा. फोटो नंतर काढत बसा."

तज्ज्ञाचे हे मत तीन कारणांनी फेटाळण्यात आले : ते एकाच तज्ज्ञाचे होते, तोंडी होते आणि त्यात 'नाय' असा शब्द तीन वेळा आला होता. ई-कचरा नेणाऱ्या संस्थेने फोनवर सांगितले की बॅटऱ्या आनंदाने नेऊ, फक्त मालकाचे पत्र द्या. मालक मंडळ होते. मंडळ म्हणाले, पत्र देऊ, फक्त आधी निर्लेखन करून घ्या.

पेटी मात्र बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर आणली. वाळू केंद्रात एकाच ठिकाणी होती, मुलांच्या खेळण्याच्या हौदात. ती पेटीत गेली. सुरक्षिततेसाठी मुलांची वाळू गेमवर घातली गेल्याने आता मुलांना गेमही नव्हते आणि वाळूही नव्हती. हौदाभोवती फलक लागला : वाळू कर्तव्यावर आहे.

पान ४

पान ४ गहाळ आहे. ते शोधण्यासाठी नेमलेल्या समितीचा अहवाल पान ४ वर होता.

पान ५

दळवींचा शेरा अंधेरीच्या मुख्यालयात संचालक उत्तरा सबनीस यांच्या टेबलावर पोचला. सबनीस मॅडम कामात बुडालेल्या असतात. धारिकेतला, म्हणजे फाइलमधला, फक्त विषय वाचायचा आणि पुढे हिरव्या शाईत आशादायक काहीतरी लिहायचे, अशी त्यांची पद्धत आहे. विषय होता : 'कपाट क्रमांक तीनमधील वाढीबाबत.' मॅडमनी लिहिले : अभिनंदन. टक्केवारी कळवावी.

टक्केवारी निघाली एकसष्ट. मंडळाच्या कोणत्याही विभागात आजवर कशाचीही एकसष्ट टक्के वाढ झालेली नव्हती. आठवड्याभरात सर्व केंद्रांना परिपत्रक गेले : घाटकोपर केंद्राचा आदर्श समोर ठेवून आपापल्या कपाटांतील वाढ तातडीने कळवावी. बोरिवलीने चाळीस टक्के कळवले. मुलुंडने पासष्ट टक्के कळवले आणि कंसात लिहिले की दोन यंत्रे स्वयंस्फूर्तीने उघडली आहेत. चेंबूरची बॅटऱ्यांची सगळी खेळणी चोरीला गेली होती. त्यांना शून्य वाढीबद्दल कारणे दाखवा नोटीस मिळाली.

नलिनीबाई स्वतः अंधेरीला गेल्या. दीड तास बाकावर बसून त्यांना चार मिनिटे मिळाली. त्या चार मिनिटांत त्यांनी फुगणे आणि वाढणे यातला फरक समजावून सांगितला. आत काही चांगले घडत नाही, आतले सडते आहे म्हणून बाहेरून गुटगुटीत दिसते आहे, असेही त्या म्हणाल्या. सबनीस मॅडमनी मान डोलावली. आपल्याकडे बऱ्याच गोष्टींची वाढ अशीच होते, त्यात कमीपणा मानू नका, असे त्यांनी बाईंना सांगितले आणि निघताना एक पुष्पगुच्छ दिला.

पान ६

पुष्पगुच्छामागून २० फेब्रुवारीला आदेश आला. श्रीमती साळवे यांच्या देखरेखीखाली झालेली वाढ विचारात घेता, वाढीचा दर कायम राखण्यासाठी त्यांना एक वर्षाची मुदतवाढ देण्यात येत आहे. यंत्रे वाळूत दाबून ठेवल्याने वाढीस अडथळा होत असल्याची तक्रार आहे, तरी त्यांना मोकळे ठेवावे.

केंद्रात पेढे वाटले गेले. सुबोधने दोन घेतले. ताबा आणखी वर्षभर टळला होता, त्यामुळे तो मनापासून खूश होता. मॅडम, झकास काम झालं, असे तो म्हणत असतानाच पेटीतून टक् असा आवाज आला. एक झाकण वाळू बाजूला सारून वर आले होते. दळवी नेमके भेटीला आलेले होते. त्यांनी घड्याळ पाहून वेळ नोंदवली आणि खुर्ची दाराजवळ ओढून घेतली.

त्या दिवशी सातची भाकरी नलिनीबाईंना चावेना. त्यांनी आदेश धोंडिरामांपुढे ठेवला.

"अगं, नाही म्हणून लिहून दे," धोंडिराम म्हणाले.

"नाही म्हणता येतं, पण जाता येत नाही. माझ्या जागी कोणीतरी ताबा घ्यायला हवा."

"मग कोण घेईल?"

"ज्याला ह्यात नेमकं काय आहे ते माहीत आहे, तो घेणार नाही. ज्याला माहीत नाही, त्याला देता येत नाही."

पान ७

सर्वजण घरी गेल्यावर मंडळाची नियमपुस्तिका वाचत बसण्याचे धाडस चौतीस वर्षांत कोणी केले नव्हते. नलिनीबाईंनी ते दोन संध्याकाळी केले. नियम तेवीस, पोटनियम ब : 'जो इसम धारिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचेल, त्यास मालमत्तेची संपूर्ण माहिती आहे असे गृहीत धरून, तिचा ताबा त्याजकडे आपोआप वर्ग होईल. सहीची आवश्यकता नाही.'

नियम कधीच वापरला गेला नव्हता, कारण मंडळात आजवर कोणी कोणतीच धारिका शेवटपर्यंत वाचली नव्हती. सगळे 'पाहिले' असे लिहितात आणि पुढे सरकवतात. बाईंनी तरी धारिका फिरवली. सबनीस मॅडमनी विषय वाचून पुन्हा अभिनंदन केले. दळवी सवयीप्रमाणे शेवटच्या पानापासून मागे वाचत आले, ते नियमात बसेना. सुबोधला कुठून तरी कुणकुण लागली होती. त्याने धारिकेच्या नाडीची गाठही न सोडता 'पाहिले' असे लिहून परत पाठवली.

तेव्हा बाईंच्या लक्षात आले की नियमात 'कर्मचारी' म्हटलेले नाही. 'इसम' म्हटले आहे.

त्यांनी धारिका नव्याने लिहून काढली. 'उपरोक्त विषयान्वये' काढून टाकले. कोण काय बोलले ते जसेच्या तसे घातले. पहिला मसुदा धोंडिरामांना वाचून दाखवला, तर ते दुसऱ्या पानावर घोरू लागले. दुसऱ्या मसुद्याच्या वेळी ते तव्यासमोर बसून ऐकत होते. सहाव्या पानावर त्यांनी विचारले, मग पुढे काय झालं? आणि भाकरी जळली. धोंडिरामांनी धारिका ऐकली होती, वाचली नव्हती, म्हणून ते वाचले. धारिका तयार असल्याचे बाईंना समजले. नियमाला विषय बदललेला चालत नाही, म्हणून मथळा तोच ठेवून त्यांनी ती छापायला दिली.

पान ८

कार्यमुक्ती आदेश. श्रीमती नलिनी साळवे यांनी २८ फेब्रुवारी रोजी कार्यालयीन वेळेनंतर मुलुंडकडे प्रस्थान केले असून त्या परत येणार नाहीत.

ज्याअर्थी आपण पान १ पासून येथवर सलग आला आहात, त्याअर्थी नियम तेवीस (ब) अन्वये अठ्ठेचाळीस यंत्रे, एक पत्र्याची पेटी आणि मुलांची वाळू आपल्या ताब्यात वर्ग झाली आहे. कामाच्या दिवशी अकरा ते पाच या वेळेत ओळखपत्र दाखवून पेटी घेऊन जावी. ती हलवताना आपटू नये. घरी जागा नाही ही सबब चालणार नाही. आपल्या टीव्हीखालच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्याखाली जो बंद पडलेला फोन आपण कधीतरी लागेल म्हणून ठेवला आहे, त्याची जाडी अद्याप कोणी मोजलेली नाही. तिथे बरीच जागा असावी किंवा आता नसावी.

या आदेशाविरुद्ध हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मात्र धारिका पूर्ण न वाचता घेतलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही.