अर्धी झडती

कुणी काही बोललं की आमचे भगवानमामा लगेच निकाल लावायचे. शेरे दोनच: ‘मार्मिक’ आणि ‘बोथट’. साखरखेर्ड्याला एका तेरवीत पुढारी तासभर बोलला. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि मागून मामांचा आवाज, “बोथट!” मेलेल्याच्या बायकोलाही पदराआड हसू आलं हो!

मी शेजारीण, म्हणजे माझी रोजचीच परीक्षा. “मामा, चहा घेता का?” म्हटलं की, “बोथट. ‘चहा ठेवला, या’ म्हन.”

एकदा वैतागून विचारलं, “मार्मिक म्हणजे तरी काय हो?”

“पायातला काटा सुईनं काढतेत ना, तसं. टोचलं पाह्यजे, पन काटा भाईर आला पाह्यजे. नुसतं टोचते तो खवचटपना.”

मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात मामा आणि दारात बैलजोडी. मामांमधला खरा माणूस वर्षातून एकदा, पोळ्याला दिसायचा. बैल तोरणाखाली उभे राहिले की एकानं झडती म्हणायची, म्हणजे चिमटा काढणारी ओळ, आणि दुसऱ्यानं तिला उत्तर जोडायचं. मामांना उत्तर देणारा गावात एकच, रामकिसन. दोघं असे भांडायचे की बैलसुद्धा कान टवकारायचे.

मग ते बोंडअळीचं साल आलं. पिशवीतलं कपाशीचं महागडं बियाणं, आणि बोंड फोडलं की आत अळी. रामकिसननं उन्हाळ्यात बैल विकले आणि बोलणंच टाकलं. पारावर येईना. त्याची बायको माझ्याजवळ रडायची, “जेवत नाहीत, रातभर आढ्याले पाहतेत.” जिवाचं काही करून घेईल म्हणून आम्ही सगळेच त्याच्या दारावर नजर ठेवून होतो.

पोळ्याला तो तोरणाखाली आलाच नाही. मामांनी झडती म्हटली नाही. सजवलेली जोडी घेऊन तडक त्याच्या दारात गेले. मागोमाग आम्ही.

“पिशवीवर लिहिलं, अळी याले खात नाही...” मामा ओरडले आणि थांबले.

मामांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज चिरकला.

मग अंधारातून, हळू, “अळीले बापडीले वाचताच येत नाही.”

लोक हसले. रामकिसन दारात आला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मामांनी ‘मार्मिक’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यांनी एका बैलाचा कासरा त्याच्या हातात कोंबला.

“चाल बे,” ते कसेबसे म्हणाले. “तू नसला त मी कोनासंग भांडू?”